मुलाने मोबाईल स्वतःहून खाली ठेवावा, यासाठी

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. त्या भोंग्याचे बळ, माझ्या मते, तो मोठ्यांनाही लागू होता यात आहे. घरातही सुरुवात तिथूनच करावी.

दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन देऊच नये आणि दोन ते पाच या वयात ती दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्या वयात निर्णय आईवडिलांचाच असतो. पुढील पद्धत साधारण आठ वर्षांपासूनच्या मुलांसाठी आहे.

पहिला आठवडा कोणतेही बंधन न घालता केवळ नोंदीचा ठेवावा. फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपवर किती वेळ गेला हे दिसते. ते मुलासोबत बसून पाहावे आणि आपलेही आकडे त्याला दाखवावेत. मग एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होणारी ऑटोप्लेची सोय आणि अनावश्यक नोटिफिकेशन त्याच्याच हाताने बंद करून घ्यावीत. आपण थांबू नये अशी रचना ॲपमध्ये मुद्दाम केलेली असते, हे कळले की न थांबता येणे हा केवळ आपला दोष नाही, हेही मुलाला उमगते.

त्यानंतर नियम मुलालाच लिहू द्यावेत. शाळेचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येत असल्याने अभ्यासाचा वेळ आणि करमणुकीचा वेळ वेगळा धरावा. ‘अर्धा तास’ या मोजमापापेक्षा ‘दोन व्हिडिओ’ किंवा ‘खेळाचा एक डाव’ असा नैसर्गिक शेवट ठरवलेला बरा, कारण डाव अर्ध्यावर असताना फोन काढून घेतला की मोठी माणसेसुद्धा चिडतात. किती झाले हे मोजायचे ते मुलाने, फोन बंद करायचा तोही त्यानेच; आपण शेजारी असावे, पण हात पुढे करू नये. फोन ठेवल्यावर काय करायचे, हेही आधीच ठरलेले असावे: सायकल, कॅरम, नाहीतर आजीसोबत भाजी निवडणे.

नियम मोडला जाईलच. त्या क्षणी फोन हिसकावू नये. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारावे की नेमके कुठे थांबता आले नाही, आणि नियम बदलायचा का हे त्यालाच ठरवू द्यावे. महिनाभर नियम बऱ्यापैकी पाळला गेला, तर देखरेख एक पायरी कमी करावी. रोज तपासण्याऐवजी आठवड्यातून एकदा विचारावे.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी. अनोळखी व्यक्तीने फोटो किंवा ओटीपी मागितला, अथवा काही भीतीदायक दिसले, तर ते घरी सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही. हा शब्द आपण पाळलाच पाहिजे, कारण फोन जाईल या भीतीने मूल गप्प बसते. पैसे गेले असतील, तर रागावण्यात वेळ न घालवता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी आणि तो फोन मुलाला शेजारी बसवून करावा.