शटर साफ यायला हवं तर आधी भुसा बघा

आयटीआय करून गोव्यात कुंडईला एका वर्कशॉपात सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरायच्या मशीनवर लागलो, आणि पहिल्याच पावसाळ्यात किचनच्या कपाटांची १४ शटर, म्हणजे एमडीएफची (लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेल्या बोर्डाची) दारं माझ्या हातून बिघडली. गणेशचवथीच्या आधी द्यायची होती. डिझाइनच्या खाचेत सगळीकडे बारीक लव उभी राहिलेली, वरून प्रायमर मारल्यावर ती आणखीच फुगली, मग दोन रात्री पॉलिश पेपर घेऊन घासत बसलो. नव्याने या कामात येणाऱ्या पोरांवर ती पाळी येऊ नये म्हणून लिहितोय.

माझी चूक काय, तर भीती. बिट (कापायचं पातं) तुटेल म्हणून फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, मिनिटाला ३००० मिमीवर ठेवलेला आणि बिट फिरवणारा स्पिंडल मात्र २४००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे. आमच्या मेस्तांनी, म्हणजे मिस्त्रींनी, भुसा मुठीत घेतला, माझ्या हातावर ठेवला, गरम आणि पिठासारखा बारीक. म्हणाले, बिट कापत नाही रे, घासतंय. हिशोब सोपा आहे, फीडला आरपीएम आणि बिटच्या धारांच्या संख्येने भागायचं, दोन धारांच्या बिटला माझं उत्तर आलं ०.०६ मिमी, म्हणजे प्रत्येक धार जेमतेम खरवडत होती, त्यात बिट तापतं आणि धार जाते. आता ६ मिमीच्या बिटला आरपीएम १८००० आणि फीड ९००० धरतो, ०.२५ येतं, भुसा जाडसर आणि थंड पडतो. तुमची मशीन हलकी असेल तर फीडसोबत आरपीएमही उतरवा, नुसता फीड कमी करू नका.

दुसरं म्हणजे एमडीएफ आतून बाहेरून सारखा नसतो. दोन्ही तोंडं घट्ट दाबलेली, मधला भाग सैल, आणि आपली खाच नेमकी त्या सैल भागात उतरते. म्हणून एका दमात फायनल कापायचं नाही, अर्धा मिमी ठेवून शेवटचा पास नव्या धारेच्या बिटने घ्यायचा. गोल तोंडाच्या ६ मिमी बिटने नक्षी काढताना दोन फेऱ्यांमधलं अंतर ०.६ मिमीच्या वर नेत नाही, वेळ लागतो पण घासायचं काम वाचतं. राहिलेली लव कोरडी घासत बसू नका, प्रायमरचा पातळ हात द्या, पूर्ण सुकला की ती कडक होते, मग ३२० च्या पेपरने हलक्या हाताने निघते.

गोव्याच्या पावसात शीट भिंतीला टेकवून ठेवली तर वाकते आणि कडा फुगतात. पट्ट्यांवर आडवी, प्लास्टिक घालून ठेवा. १८ मिमीची शीट १८ च भरेल असं धरू नका, व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजून तीच जाडी फाइलमध्ये टाका आणि उंचीचा झीरो शीटच्या वरून न घेता मशीनच्या बेडवरून घ्या. बिट बदलताना कोलेटमधला (बिट धरणाऱ्या चिमट्यातला) भुसा पुसा, तेवढ्यानेही बिट डुगडुगतं.

मास्कचा मात्र आळस करू नका. या बोर्डाच्या गोंदात बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइड असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच ते कॅन्सर करणारं म्हणून नोंदवलंय. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक भुशासाठी एन९५ मास्क घ्या (फॉर्मल्डिहाइडचा वायू तो अडवत नाही) आणि डस्ट कलेक्टर चालू असल्याशिवाय स्पिंडल फिरवू नका.

मी अजून प्रत्येक नव्या लॉटमधला वीतभर तुकडा आधी कापतो, खाच काढून प्रायमर मारतो, रात्रभर पंख्याखाली ठेवतो आणि सकाळी बोट फिरवून बघितल्यावरच पहिलं शटर लावतो.