तळ्याकाठच्या सायकलफेरीची तयारी

तळ्याच्या कडेने डांबरी सायकलवाट, सगळी सपाट, एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला झाडं. असा बेत ठरला आणि कुणी तयारीचं नाव काढलं की लोक हसतात. मीही हसायचो. अशा वाटेवर चढ नसतो हे खरंच, पण मग उतारही नसतो. डोंगराळ रस्त्यावर कितीही दम लागला तरी पुढच्या उतारावर पाय थांबवता येतात, बूड जरा उचलून घेता येतं. सपाटीवर पॅडल थांबलं की सायकलही थांबायच्या बेताला येते. 20 किलोमीटर म्हणजे दीड तास एकाच बैठकीत, एकाच लयीत पाय चालवणं. म्हणून माझी यादी सीटपासून सुरू होते, आणि हवामानाच्या अंदाजात पावसाइतकंच लक्ष मी वाऱ्याकडे देतो.

सीटची उंची आदल्या दिवशीच बघा, निघायच्या घाईत नाही. भिंतीला हात टेकून सायकलवर बसा, एक पॅडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हलका बाक उरतो, तेवढाच हवा. उभं राहिल्यावर दोन्ही तळवे जमिनीला आरामात टेकतात म्हणून सीट खाली ठेवणारे पुष्कळ असतात. बाजारात जाऊन यायला ते चालतं, दीड तासाला नाही. एकदा मी फेरीसाठी भाड्याची सायकल घेतली होती. निघताना उंची बरोबर होती, पण सीटचा क्लँप, म्हणजे सीटचा दांडा आवळून धरणारी कडी, सैल होता आणि ती तसूतसूने खाली बसत गेली. मला पत्ताच नाही. आठव्या किलोमीटरला गुडघ्याची वाटी कुरकुरायला लागली तेव्हा थांबून पाहिलं, तर सीट चांगली तीन बोटं उतरलेली. आणि जवळ पाना नाही. तेव्हापासून सीटच्या दांड्याला, क्लँपच्या अगदी वर, चिकटपट्टीचा एक वेढा देतो. दांडा सरकला की पट्टीला सुरकुत्या पडतात, लगेच कळतं. शिवाय 4, 5 आणि 6 मिलिमीटरच्या ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाचे पाने, पिशवीत असतात. बहुतेक सायकलींचं सगळं काम त्यात भागतं.

मऊ गुबगुबीत सीट कव्हरच्या मोहात पडू नका. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, मग ते मांड्यांच्या मध्ये सरकत घासायला लागतं. त्यापेक्षा गादी शिवलेली सायकलची चड्डी घ्या. ती आतल्या कपड्यांशिवाय घालायची असते हे पहिल्यांदा घेणाऱ्याला दुकानात कुणी सांगत नाही, आणि मग शिवणी काचतात. वरून साधी हाफपँट चढवली की संकोचही नाही. फुल पँट घालणार असाल तर उजवा पाय चिमट्याने किंवा रबराने आवळा, चेन त्याच बाजूला असते. बुटांच्या नाडीचे शेंडे आत खोचा.

आता हवा. दोन-तीन आठवडे नुसती उभी असलेली सायकल पंक्चर नसतानाही हवा सोडते, रबरातून ती हळूहळू झिरपतच असते. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यापेक्षा काटा असलेला पंप वापरा. जास्तीत जास्त किती दाब चालेल ते टायरच्या कडेला उठावाच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. मध्यम रुंदीच्या हायब्रिड टायरला साधारण 50 ते 70 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पुरतात, जाड टायरला त्याहून बरेच कमी. हवा कमी ठेवून एखाद्या कडेवर आपटलात तर ट्यूब रिममध्ये चेमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात. व्हॉल्व्ह कोणता आहे तेही पाहून ठेवा. मोटारीसारखा जाड असेल तर सरळ आहे. बारीक असेल तर टोकावरची चिमुकली चकती आधी सैल करायची, नाहीतर पंप दाबून दाबून घाम निघतो आणि टायर ढिम्म.

पंक्चरचं सामान घ्यायचंच, वाट कितीही गुळगुळीत असो. टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप, आणि टायरच्या कडेला छापलेल्या मापाचीच एक ट्यूब. ठिगळ-सोल्यूशनचा डबा असू द्या, पण वाटेवर ट्यूब बदलायची आणि ठिगळ घरी येऊन लावायचं, हे सोयीचं. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून रुमाल गोल फिरवा. काटा किंवा काच अजून रुतून असेल तर रुमाल तिथे अडकतो. हे न करता घाईने ट्यूब बदलणाऱ्याची दुसरी ट्यूबही शंभर मीटरवर बसते.

ब्रेक आणि चेन पाच मिनिटांचं काम आहे. लिव्हर पूर्ण दाबला तरी तो हँडलला टेकता कामा नये. चेनवर तेल घालताना पॅडल उलटं फिरवत थेंब-थेंब सोडा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग फडक्याने वरचं सगळं पुसून काढा. चेन चकाकत असेल तर तेल जास्त झालं, त्यावर वाळू आणि धूळ चिकटणार. डिस्क ब्रेक असेल तर त्या चकतीला तेलाचा हातही लागू देऊ नका. शेवटी सायकल वीतभर उचलून सोडून द्यायची आणि कान द्यायचा. खडखड ऐकू आली तर काहीतरी सैल आहे: बाटलीचा पिंजरा, मडगार्ड, घंटी, कधी चाकाचा नटही.

वाऱ्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सपाट वाटेवर चढाची जागा तोच घेतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी 15 किलोमीटरने जाताय आणि समोरून 15 चाच वारा आला, तर अंगावर येणारी हवा 30 ची, म्हणजे विरोध चौपट. तळ्यावरून वारा बेलगाम येतो, वाटेत अडवायला ना झाड ना घर. मोठं तळं असेल आणि दिवस निरभ्र असेल तर दुपारच्या सुमाराला पाण्यावरून जमिनीकडे वारा सुटतोच, कारण जमीन पाण्याआधी तापते. म्हणून सकाळी लवकर निघा. जाऊन-येऊन वाट असेल तर जाताना वारा तोंडावर घ्या आणि येताना पाठीवर. उलटं केलं की काय होतं ते मी भोगलंय: जाताना 10 किलोमीटर अर्ध्या तासात पार, आज काय पाय चाललेत म्हणून स्वतःवरच खूश, आणि वळल्यावर तेच 10 किलोमीटर तासभर संपेनात. तळ्याला पूर्ण फेरी मारणार असाल तर वारा कुठे ना कुठे तोंडावर येणारच. मग तो भाग पहिल्या निम्म्यात येईल अशा दिशेने सुरुवात करा. पाण्यावर जागोजागी पांढरे तुरे उठताना दिसले तर वारा ताशी 20 किलोमीटरच्या आसपास आहे असं धरा आणि फेरी छोटी करा.

वेळेचा हिशोब अंतरावरून करू नका. सायकल चालवायला दीड तास लागतो, पण अशा वाटेवर माणूस पक्षी बघायला थांबतो, फोटो काढतो, बाक दिसला की टेकतो. 20 किलोमीटरला तीन तास हाताशी ठेवा. त्या बेताने पाणी घ्या. तासाला अर्धा लिटर, उन्हात थोडं जास्त. समोर एवढं पाणी पसरलेलं असतं की तहान लागल्याचं लवकर जाणवत नाही, हा माझा अनुभव. खायला केळं किंवा मूठभर सुकामेवा. सामान पाठीवर घेण्याऐवजी कॅरिअरला बांधा, पाठ भिजत नाही आणि खांदे भरून येत नाहीत.

चष्मा विसरू नका. ऊन तिरपं असलं की पाणी डोळ्यांवर आरसा धरतं. पोलराइज्ड काचेने ती चकाकी मरते, मात्र त्याच काचेतून मोबाइलचा पडदा कधीकधी काळा दिसतो, घाबरू नका, चष्मा काढून बघा. संध्याकाळी पाण्याकाठी चिलटांचे थवे असतात, म्हणून परतायला उशीर होणार असेल तर एक साध्या काचेचा चष्माही घ्या. तोंड मिटून चालवायचं हे एकदा चिलट गिळल्यावर आपोआप जमतं. मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दोन्ही चार्ज करून ठेवा. हेल्मेटची पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक बोट जेमतेम जाईल इतकंच आवळलेलं.

एक तयारी मनाची. ही वाट फक्त सायकलवाल्यांची क्वचितच असते. चालणारे, धावणारे, बाबागाडी, लांब पट्ट्याला बांधलेला कुत्रा, मध्येच धावत सुटणारं मूल. घंटी दुरूनच एकदा वाजवा, अगदी पाठीशी जाऊन वाजवली की माणूस दचकून नेमका तुमच्याच बाजूला सरकतो. पट्टा वाटेवर आडवा ताणलेला असेल तर सरळ उतरा. ओला लाकडी पूल, ओली पानं आणि बदकांची विष्ठा या तिन्हींवर चाक साबणासारखं सरकतं. तिथे वळू नका, ब्रेक दाबू नका, आधीच वेग कमी करून सरळ जाऊ द्या. मोठ्या झाडांजवळ मुळं डांबर उचलून धरतात, तिथे पाण्याकडे बघत चालवू नका. दृश्य बघायचं तर थांबून बघा.

आणि रात्रीच सगळं सामान दाराशी काढून ठेवा, कुलूप धरून. गेल्या खेपेला मी कुलूप आठवणीने घेतलं आणि किल्ली घरी खिळ्यालाच. आम्ही चौघे आळीपाळीने सायकलींना पहारा देत बसलो. आता किल्ली पंपाच्या पट्ट्यालाच बांधलेली असते.