वर्म गिअरबॉक्स मागवण्याआधी काय काय लिहून ठेवायचं

वर्म गिअरबॉक्ससाठी (यात स्क्रूसारखा वर्म दातांचं व्हील फिरवून मोटरचा वेग कमी करतो) सप्लायरला फोन लावून "दोन एचपी, पन्नासचा रेशो, कितीला पडेल" एवढंच विचारू नका प्लीज, आधी मशीनपाशी जाऊन माप घ्या. समजा फाउंड्रीतला वाळूचा बेल्ट कन्व्हेअर आहे, ड्रम ३२० एमएमचा, बेल्ट सेकंदाला अर्धा मीटर चालवायचाय, तर ड्रमला साधारण ३० आरपीएम लागतात, मोटर चार पोलची १४४० आरपीएमची, म्हणजे रेशो (मोटरचा वेग भागिले ड्रमचा वेग) येतो ४८, रेडी मिळतो ५० चा, तो चालतो.

खरी गडबड टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात होते. ९५५० गुणिले किलोवॉट भागिले आरपीएम हे सगळ्यांना पाठ असतं पण एफिशियन्सी लावायची राहून जाते. वर्ममध्ये दात घासत चालतात, त्यामुळे १० च्या रेशोला ८५ टक्क्यांच्या आसपास मिळते पण ५० ला ६५ धरा, कधी त्याहूनही कमी. आपल्या कन्व्हेअरला दीड किलोवॉटची मोटर लावली तर कागदावर जवळपास ५०० न्यूटन मीटर दिसतात, ड्रमला पोचतात ३२० च्या आसपास, आणि अर्धा किलोवॉट नुसता बॉडी तापवण्यात जातो! म्हणून कॅटलॉगमध्ये मेकॅनिकल (दात-शाफ्ट किती लोड सोसतात) आणि थर्मल (जास्त न तापता किती लोड चालतो) दोन्ही रेटिंग बघा, जे कमी असेल ते धरा, भट्टीजवळ तीन शिफ्ट चालणार असेल तर थर्मलकडे जास्तच लक्ष द्या, कारण बॉडी गार ठेवणाऱ्या फिन्सवर वाळू बसली की हवा लागत नाही.

मग किती तास चालणार, तासाला किती वेळा चालू-बंद, भरलेला बेल्ट सुरू करायची वेळ येते का, हे लिहा, सर्व्हिस फॅक्टर (गिअरबॉक्स गरजेच्या किती पट ताकदीचा घ्यायचा तो आकडा) त्यावरच ठरतो, आणि इथे पैसे वाचवू नका. आउटपुटला चेन असेल तर स्प्रॉकेटचा व्यास सांगा, स्प्रॉकेट लहान तितकी शाफ्टवर ओढ जास्त, आणि तो शाफ्टच्या टोकाला न बसवता बेअरिंगच्या जवळ घ्या. हॉलो शाफ्ट (पोकळ, थेट मशीनच्या शाफ्टवर चढणारा) घेत असाल तर टॉर्क आर्म (गिअरबॉक्सची बॉडीच फिरू नये म्हणून धरणारा दांडा) लागेल.

कन्व्हेअर चढाचा असेल तर "वर्म आहे, उलटा फिरणारच नाही" यावर विसंबू नका, मोठ्या रेशोलाही व्हायब्रेशनने तो हळूहळू सरकू शकतो, खाली माणसं काम करतात, ब्रेक मोटर किंवा बॅकस्टॉप (उलटं फिरणं अडवणारा) घ्याच.

वर्म खाली, वर की उभा, ते ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा, ऑइल लेव्हल आणि ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या प्लगची) जागा त्यावर असते. ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, बहुतेक वेळा व्हीजी ३२० किंवा ४६० (हा ऑइलच्या घट्टपणाचा आकडा), शेल्फवर पडलेलं कुठलंही ईपी (जड लोडसाठी केमिकल घातलेलं) ऑइल ओतू नका, काहींमधलं सल्फर ब्रॉन्झच्या व्हीलला खातं. आधी पीएजी प्रकारचं सिंथेटिक ऑइल असेल तर त्यात साधं मिनरल ऑइल मिसळायचं नाही. आणि गिअरबॉक्स आला की फिटरला सांगून ब्रीदरच्या जागचा ट्रान्सपोर्ट प्लग काढून ब्रीदर बसवून घ्या, नाहीतर आत प्रेशर वाढून सील गळायला लागतं.