स्वतःचा फ्लॅट न विकलेल्यांना घर दाखवावं का?

दाखवा, पण आधी फोनवर विचारा: तुमचा फ्लॅट विकायला काढलाय का, त्यावर कर्ज किती बाकी आहे? ‘आधी नवीन पसंत पडू दे, मग बघू’ म्हणाले, तर मधल्या वारी संध्याकाळी बोलवा. रविवार सकाळ तयार गिऱ्हाइकासाठी ठेवा. आमच्या कोथरूडच्या घरी एक जोडपं तीनदा आलं, ओटासुद्धा टेपने मोजून गेलं, आणि त्यांच्या फ्लॅटची अजून जाहिरातही नव्हती! तरी सरसकट टाळू नका. प्राप्तिकराच्या नियमांनुसार जुनं विकण्याआधी वर्षभरात नवं घर घेतलं तरी भांडवली नफ्यावर (जुनं घर विकून झालेल्या नफ्यावर) करात सूट मिळू शकते, म्हणून काहीजण खरेदी आधी उरकतात. अशांकडे बँकेचं कर्जमंजुरी पत्र मागा. टोकन (आगाऊ रक्कम) घेतलंत तर साठेखताची, म्हणजे विक्रीच्या प्राथमिक कराराची, तारीख पावतीवरच लिहा.