आडनावातला 'व' आणि फार्मसीचं ॲडमिशन

बेळगावजवळच्या उचगावचा माझा मावसभाऊ यंदा पीयुसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. परवा रात्री त्याचा फोन. "आक्का, फार्मसीच्या इंटरव्ह्यूत काय विचारतात गं?" म्हटलं, आधी नाव विचारतात, आणि ते चार कागदांवर चार तऱ्हेचं असलं तर पुढचं काही विचारतच नाहीत. त्याला वाटलं मी चेष्टा करूलोय. तेव्हा जरा सविस्तरच लिहिते, तो वाचेल आणि त्याच्यासारखे आणखी चार जण वाचतील.

माझं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. पहिली ते दहावी मराठी माध्यम, तेही खेड्यातलंच. पीयुसी सायन्स बेळगावात, इंग्रजीतून. २०१९ साली फार्मसीसाठी दोन्हीकडे अर्ज केला, कर्नाटकाची प्रवेश परीक्षा केसीईटी आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी. आमच्या आडनावात मधोमध एक 'व' आहे. शाळेच्या दाखल्यावर तो इंग्रजीत व्ही, आधारवर डब्ल्यू. कन्नडमध्ये दोन्ही एकच, त्यामुळे जातीच्या दाखल्यावरचं कन्नड बरोबर आणि त्याखालचं इंग्रजी तिसऱ्याच तऱ्हेचं. दहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. अर्ज भरायला बसले तेव्हा बाबा म्हणाले, "एका अक्षरानं काय होतंय?" एका अक्षरानं आम्ही नाडकचेरीला, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कचेरीला, तीन खेपा घातल्या, आणि तिसऱ्या खेपेला बाबांनी भात कापणीच्या गड्यासाठी ठेवलेले पैसे जीपवाल्याला दिले.

म्हणून पहिलं काम हे. डिसेंबरमध्येच, अर्ज सुरू व्हायच्या आधी, एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, मार्कशीट समोर ठेवा आणि बाकी प्रत्येक कागद त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. मार्कशीट बदलणं महाकठीण, आधार बदलणं सोपं. जे सोपं ते बदलून घ्यायचं.

जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर आरडी या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक नंबर असतो. केसीईटीच्या फॉर्ममध्ये तोच भरायचा असतो, त्यावरून त्यांच्याकडे तुमची माहिती उघडते. आमच्याकडची बहुतेक मराठा मुलं कर्नाटकाच्या मागासवर्गीय यादीतल्या ३बी गटात येतात, पण नुसतं '३बी आहे' म्हणून चालत नाही, दाखला काढलेला लागतो.

आता आमच्या मुलांचा नेहमी होणारा घोळ सांगते. केसीईटीत ग्रामीण कोटा १५ टक्के आणि कन्नड माध्यम कोटा ५ टक्के असे दोन वेगळे आहेत. मराठी माध्यमात शिकलेल्याला दुसरा मिळत नाही, हे उघड आहे. पण पहिला मिळतो, जर पहिली ते दहावी ही दहाही वर्षं खेड्यातल्या शाळेत गेली असतील तर. माझ्या वर्गातल्या एकीनं शाळेचा दाखला कन्नडमध्ये छापलेला बघून 'कन्नड मीडियम'लाही होय म्हणून टाकलं आणि पडताळणीच्या टेबलावर रडकुंडीला आली. आणि दुसरीनं 'आपण मराठी, आपल्याला कुठला कोटा' असं म्हणून ग्रामीणचा रकानाच सोडून दिला. तिचं नुकसान जास्त झालं. ग्रामीणच्या दाखल्यावर मुख्याध्यापकांची सही लागते आणि वर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची. माझ्या दाखल्यावर शाळेचा शिक्का नीट उठला नव्हता, म्हणून पुन्हा परत. शाई बघून घ्या. हसू नका, खरंच बघून घ्या.

महाराष्ट्राच्या बाजूला आपल्यासाठी एक दार आहे आणि ते अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना तिकडच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशात 'टाइप ई' म्हणून महाराष्ट्राचेच उमेदवार धरतात. दहावी किंवा बारावी सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून झालेली हवी आणि मातृभाषा मराठी हवी. दोन्हींचे दाखले त्यांच्या ठरलेल्या नमुन्यातच द्यावे लागतात, आपल्या मनानं लिहिलेलं पत्र चालत नाही. नमुने माहिती पुस्तिकेच्या शेवटी असतात. आमच्या गल्लीतल्या एकानं 'आउटसाइड महाराष्ट्र' निवडलं आणि मग वर्षभर सगळ्या समारंभांतून तेच सांगत फिरला.

परीक्षेबद्दल थोडक्यात. केसीईटी ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर होते, प्रत्येक विषयाला ६० प्रश्न आणि ८० मिनिटं. एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर होते. दोन्हीकडे चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही गोल रिकामा सोडायचा नाही. फार्मसीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायो किंवा मॅथ्स चालतं.

खरी चूक मी ऑप्शन एंट्रीत, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची यादी भरताना केली. तीनच कॉलेजं भरली. तिन्ही बेळगावातली, कारण आई म्हणाली, हॉस्टेलला नको. मॉक अलॉटमेंट, म्हणजे आधीचं चाचणी जागावाटप, आली, त्यात काहीच मिळालं नव्हतं. मला वाटलं मॉक म्हणजे लुटुपुटीची. ती लुटुपुटीची नसते, ती इशारा असते. त्यानंतर यादी बदलायला मुदत मिळते, ती मी बेळगावचा गोड कुंदा खात घालवली. यादी वरून खाली वाचली जाते. वरचं मिळालं की खालची सगळी गळून पडतात, म्हणून 'हे मिळण्यासारखं आहे' असं नाही, तर 'हे मला हवं आहे' या क्रमानं भरायचं, आणि भरपूर भरायचं. विजयपूर, हुबळी, हवं तर लांबचंही. सीट मिळाल्यावर चार चॉइस येतात. पहिला म्हणजे पक्कं, जाऊन रुजू होणार. दुसरा, हे धरून ठेवतो पण वरचं मिळालं तर बघतो. तिसरा, हे नको, पुढच्या फेरीत येतो. चौथा, रामराम. घाईघाईत तिसरा दाबलेले मी पाहिलेत.

पहिल्या फेरीत हात रिकामा राहिल्यावर घरात कालवा झाला. तेवढ्यात कुणीतरी मॅनेजमेंट सीटचं, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेचं सुचवलं. केसीईटी किंवा कॅपमधून गेलात तर मुलाखत नसतेच, तिथं कागदांचीच मुलाखत. माणसाची मुलाखत होते ती इथं.

एक खाजगी कॉलेज. समोर तिघं जण. बाबा माझ्या शेजारी, मांडीवर बियाणाच्या कंपनीची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात सगळी ओरिजिनल्स. पहिला प्रश्न, व्हाय फार्मसी? मी पाठ केलेलं म्हटलं, आय वॉन्ट टू सर्व्ह द सोसायटी. मधल्या सरांनी वर बघितलंसुद्धा नाही. दिवसभरात त्यांनी हेच किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. मग त्यांनी ड्रॉवरमधून गोळ्यांची एक पट्टी काढून माझ्यासमोर सरकवली. "वाच. काय काय दिसतं ते सांग."

नाव वाचलं, किंमत वाचली, एक्सपायरी वाचली. बॅच नंबर वाचला. "औषधाच्या नावापुढे आयपी लिहिलंय, ते काय?" मी म्हटलं, इंडियन प्रॉडक्ट. तिघंही हसले. बाबाही हसले, त्यांना वाटलं बरोबर आलं. ते इंडियन फार्माकोपिया. औषध किती शुद्ध हवं, ते कसं तपासायचं, याचं आपल्या देशाचं प्रमाण पुस्तक. पहिलं १९५५ साली निघालं.

"आणि ही लाल उभी रेघ?" हे मला येत होतं. मामांचं खानापुरात मेडिकल आहे, दोन उन्हाळे मी तिथं रॅक पुसलेत. म्हटलं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. मग इन्सुलिनवर आले. फ्रिजमध्ये का ठेवतात? म्हटलं, दोन ते आठ डिग्री लागतं. पावसाळ्यात आमच्याकडे करंट गेला की दोन-दोन दिवस येत नाही. मामा फ्रिजचं दार कुणाला उघडू देत नाहीत, आणि फारच लांबलं तर बर्फाच्या डब्यात हलवतात, पण बाटली आणि बर्फ यांच्यात जाड टॉवेल घालतात. का? कारण गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी कामाचं नाही, टाकूनच द्यावं लागतं. हे सांगताना मी इंग्रजीतून कधी मराठीत घसरले ते कळलंच नाही. सर पहिल्यांदा पेन खाली ठेवून ऐकत होते.

शेवटी कन्नडमध्ये विचारलं, पेशंट कन्नड बोलला तर काय करशील? "स्वल्प स्वल्प बरतैत्री, सर." म्हणजे थोडं थोडं येतं. बास झालं तेवढं. काउंटरवर उभं राहणाऱ्याला 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' दोन्ही भाषांत सांगता आलंच पाहिजे, बेळगावात तरी.

तेव्हा मुलाखतीआधी एखाद्या ओळखीच्या मेडिकलमध्ये आठवडाभर उभे राहा. पगार मागू नका, नुसतं बघा. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरचं औषध देता येत नाही, हे १९४८ च्या फार्मसी ॲक्टच्या ४२ व्या कलमात आहे, आणि भिंतीवर फ्रेममध्ये टांगलेलं सर्टिफिकेट कशासाठी असतं ते तिथं उभं राहिल्यावरच कळतं.

मुलाखत पास झाले. लगेच ऑफिसमध्ये म्हणाले, मार्कशीट ओरिजिनल इथं ठेवा, थोडे पैसे आज भरा, पावती मागनं देतो. बाबांनी पिशवी आवळून धरली. "घरात विचारून सांगतो," म्हणाले. बाबा घरात कुणाला विचारून काही करत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण पावतीशिवाय पैसा आणि पोचेशिवाय ओरिजिनल द्यायचं नाही, एवढा व्यवहार त्यांना सोसायटीच्या कर्जानं शिकवला होता. कोर्सला त्या वर्षी फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का, तेही कौन्सिलच्या साइटवर बघून घ्यायला हवं होतं. ते आम्हाला नंतर सुचलं.

दुसऱ्या फेरीत बरीच मुलं मेडिकल-आयुर्वेदकडे सरकली, जागा मोकळ्या झाल्या, आणि माझ्या तिनातलं शेवटचं कॉलेज मला लागलं. नशीबच. त्याच्या भरवशावर मावसभावानं तीन कॉलेजं भरू नयेत.

त्यानं आणखी एक विचारलं, डी. फार्म करू की बी. फार्म? दुकानच टाकायचं असेल आणि घरी लवकर पैसा लागत असेल तर दोन वर्षांचं डी. फार्म. पुढे वाटलंच तर त्यावरून बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. कंपनी, लॅब, पुढचं शिक्षण डोक्यात असेल तर चार वर्षांचं बी. फार्म. सहा वर्षांचं फार्म. डी. हॉस्पिटलमध्ये पेशंटजवळ काम करायची हौस असणाऱ्यांना. माझं मत विचाराल तर बी. फार्म, पण मी तेच केलंय, त्यामुळे माझं मत धरू नका.

आणि मॅथ्सला घाबरून बायो घेतलेल्यांनो, पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथेमॅटिक्स असतं. मॅथ्सवाल्यांना रेमेडियल बायॉलॉजी. मला हे पहिल्या दिवशी टाइमटेबल लावलेल्या बोर्डासमोर कळलं. घरी फोन केला तर बाबांनी पहिलं विचारलं, "तिथं 'व' कसा लिवलाय बघ की."

बघितलं. डब्ल्यू होता.