लेझर करायचं का? आधी शिंप्याची टेप काढा

कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, माडीवर बसून मी कोल्हापुरी साजाची पानं करतो. मासा, कासव, असली नखाएवढी कामं. वय चव्वेचाळीस, दोन्ही डोळ्यांना मायनस सव्वातीन. पुतण्या बावीस वर्षांचा, तालमीत जातो, त्याला मायनस अडीच. गेल्या दिवाळीनंतर जेवताना विषय निघाला आणि दोघांनी एकदमच ठरवलं, लेझर करून चष्मा घालवायचा. त्यानं घालवला. माझा अजून नाकावर आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

चौकशी करायला लागलो तर जो तो आधी नंबर विचारायचा. नंबर नंतर. आधी हे बघा, की तुमचे डोळे दिवसभर किती अंतरावर काम करतात.

घरात शिंप्याची टेप असेल ती घ्या. चष्मा काढा, एक डोळा तळहातानं झाका (दाबू नका) आणि पेपरमधली छोट्या जाहिरातींची बारीक अक्षरं नाकाजवळ धरून हळूहळू लांब न्या. अक्षर पुसट व्हायला लागलं की थांबा. डोळ्यापासून कागदापर्यंत किती सेंटिमीटर भरले ते बघा आणि १०० ला त्या आकड्यानं भागा. माझे ३१ भरले, म्हणजे सव्वातीन. मायनसवाल्याचा नंबर असा साधारण घरात निघतो. सिलिंडर, म्हणजे तिरपा नंबर, जास्त असेल किंवा नंबर प्लसचा असेल तर हा हिशेब सोडून द्या.

आता हे ३१ सेंटिमीटर म्हणजे काय, ते माझ्या कामात बघा. पानाला कडी जोडायची. टाकणखार लावला, डाकाचा, म्हणजे सांधा जोडायच्या धातूचा, तिळाएवढा तुकडा चिमट्यानं ठेवला, वरून ज्योत मारली. डाक वितळून सांध्यात शिरतो तो क्षण डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जातो. ज्योत तेव्हाच मागं घ्यायची, नाहीतर पानच वितळून बसतं. हे बघायला मी चष्मा कपाळावर सरकवतो आणि मान खाली घालतो. फूटभर अंतर. म्हणजे बरोबर तेच ३१ सेंटिमीटर. माझ्या वयाचे, बिनचष्म्याचे कारागीर एव्हाना जवळच्या चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवू शकत नाहीत. मायनस नंबराच्या रूपानं मला देवानं दोन भिंगं फुकट दिलेली आहेत.

लेझर ती भिंगं काढून घेतो. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, तो नवा आकार देतो आणि लांबचं स्वच्छ होतं. आतल्या नैसर्गिक भिंगाला तो हात लावत नाही. ते भिंग चाळिशीत ताठ होतं, त्याला जवळचं धरता येत नाही. म्हणजे चाळिशीनंतर लेझर केलं तर रंकाळ्याचा पलीकडचा काठ स्वच्छ दिसेल, पण हातातलं बिल वाचायला चष्मा लागेल. पुतण्याच्या वयात ही अडचण नाही, त्याचं भिंग अजून मऊ आहे. त्याला हे भोगायला वीस वर्षं आहेत.

चाळिशी ओलांडलेल्यांनी पैसे भरण्याआधी एक गोष्ट जरूर करावी: लांबच्या पूर्ण नंबराच्या कॉन्टॅक्ट लेन्स घेऊन आठवडाभर आपलं नेहमीचं काम करून बघायचं. लेझरनंतर कसं दिसणार त्याची ही स्वस्तातली रंगीत तालीम. मी केली. पहिल्या दिवशी खुशीत होतो, महाद्वार रोडवरच्या पाट्या लांबून वाचत आलो. पाटावर बसलो आणि सांधा दिसेना. कासवाचे दोन पाय जाळले. डॉक्टरांनी मग एक डोळा लांबचा आणि एक जवळचा ठेवायचा मार्ग सांगितला. तोही लेन्स लावून बघितला. वाचायला जमतं, पण खोलीचा अंदाज चुकतो, चिमटा डाकाच्या अलीकडेच मिटायचा. ज्याचं काम फळ्यावर किंवा स्टिअरिंगवर आहे त्याला कदाचित चालेल.

आता तुम्ही तरुण आहात आणि टेपच्या परीक्षेतून सुटलात असं धरू. तरी दवाखान्यात जाण्याआधी तीन गोष्टी. वय अठराच्या पुढं हवं आणि वर्षभरात नंबर हललेला नसावा, जुने कागद काढून ताडून बघा. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल तर थांबा, त्या काळात नंबरही हलतो आणि डोळेही कोरडे पडतात. आणि लेन्स घालत असाल तर तपासणीआधी बंद करा: मऊ असतील तर एक-दोन आठवडे, कडक असतील तर तीन-चार. लेन्स कॉर्नियाचा आकार दाबून ठेवते, मोजमाप खोटं येतं.

हे आम्हाला पहिल्या ठिकाणी कुणी सांगितलं नाही. पुतण्या सकाळी लेन्स घालून गेला, तिथंच काढली, लगेच मशिनसमोर बसवला. डॉक्टर दिसायच्या आधी एक बाई पॅकेजचा कागद घेऊन आल्या: आज बुकिंग केलं तर सवलत. मी म्हटलं, "ताई, सोन्याचा भाव रोज बदलतो म्हणून गिऱ्हाईक घाई करतं. डोळ्याचा कशाला बदलतोय?" उठलो.

दुसऱ्या ठिकाणी दोन आठवड्यांनी बोलावलं आणि अर्धा दिवस घेतला. तिथून काय काय मागून घ्यायचं ते सांगतो. कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, आणि जाडी. साधारण माणसाची जाडी ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते, पुतण्याची ५०८ निघाली. हिशेब आमच्या सोन्याच्या घटीसारखाच आहे. लॅसिक या लेझरच्या पद्धतीत कॉर्नियाची वरची पापडी, म्हणजे फ्लॅप, उचलतात, ती साधारण ११० मायक्रॉनची. प्रत्येक नंबराला ढोबळ मानानं १५ मायक्रॉन उडतात, म्हणजे अडीच नंबराला चाळीसेक. ५०८ मधून दीडशे गेले, ३५८ उरले. खाली निदान २५० राहायलाच पाहिजेत, हल्ली डॉक्टर ३०० धरतात. याचं बसलं. आठ नंबरवाल्याचं याच जाडीत बसायला कष्ट पडतात, तिथं डोळ्याच्या आत लेन्स बसवायचा पर्याय निघतो.

जाडीपेक्षा नकाशा महत्त्वाचा. कॉर्निया शंकूसारखा पुढं यायला लागलेला असेल, ज्याला केराटोकोनस म्हणतात, तर लेझर अजिबात नाही, त्यानं तो आणखी ढिला पडतो. घरात कुणाला तो असेल तर आधीच सांगा. डोळे चोळायची सवय असेल तर तीही सांगा. पुतण्या मातीच्या हातानं डोळे चोळतो, हे मी त्याच्या देखत सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही.

शिवाय कोरडेपणाची कागदी पट्टी. खालच्या पापणीत पाच मिनिटं अडकवतात, किती मिलिमीटर ओली झाली ते बघतात. दहाच्या खाली कमी समजतात. माझी सहा भरली. ज्योतीसमोर डोळे न मिटता तीस वर्षं घातली, दुसरं काय होणार. लॅसिकनंतर कोरडेपणा बहुतेकांना काही महिने वाढतो, ज्याचा आधीच कोरडा आहे त्यानं तर दहादा विचार करावा. शेवटी बाहुली मोठी करून डोळ्याचा आतला पडदा, रेटिना, तपासतात. त्या दिवशी गाडी घेऊन जाऊ नका, उन्हात रस्ता पांढराफटक दिसतो.

पद्धत कुठली? याचं उत्तर आम्हाला मशिननं नाही, वस्तादांच्या एका प्रश्नानं मिळालं: "डोक्याला डोकं लागलं तर?" लॅसिकची पापडी परत बसवतात, पण ती पहिल्यासारखी कधी जुळत नाही. जोराचा मार बसला तर वर्षांनीही सरकू शकते. डॉक्टर म्हणाले, कुस्ती सोडणार नसेल तर लॅसिक नको. राहिले दोन मार्ग. स्माईलमध्ये बारीक छेदातून कॉर्नियाच्या आतली चकती ओढून काढतात. पीआरकेमध्ये वरची त्वचा खरवडून पृष्ठभागावर लेझर मारतात. आम्ही पीआरके घेतलं, त्यात पापडी नाही आणि पैसेही कमी.

पण पीआरके दुखतं. लेझर काही सेकंदांचा, पुढचे तीन दिवस मात्र पुतण्या पडदे लावून बसला होता. चटणी वाटताना हात डोळ्याला लागावा तसं, सारखं. वर पट्टीसारखी लेन्स होती, ती पाचव्या दिवशी काढली. नजर महिनाभर खालीवर होत होती, रात्री हायवेवर समोरच्या दिव्यांभोवती वलयं. ती हळूहळू विरली. स्टिरॉइडचे थेंब ठरल्या तारखांनी कमी करत जायचे असतात, ते वहिनींनी कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवलेले. कुस्तीच्या हौद्यात उतरायला तीन महिने मनाई.

पैशांचं थोडक्यात: तपासणी, औषधं, नंबर थोडा उरला तर परत लेझर, हे सगळं त्याच रकमेत आहे का ते कागदावर लिहून घ्या. साडेसातपेक्षा कमी नंबर असेल तर आरोग्य विम्यातून मिळत नाही. पोलीस, लष्कर, रेल्वे यांच्या भरतीसाठी करणार असाल तर त्या पदाचे डोळ्यांचे नियम आधी वाचा, सगळीकडे लेझर चालत नाही आणि एकदा केलं की ते मिटवता येत नाही.

आणि चष्मा गेला म्हणून डोळ्याचा गोळा आखूड होत नाही. मायनसवाल्याचा गोळा लांबट असतो, आतला पडदा ताणलेला असतो, तो तसाच राहतो. ठिणग्या दिसल्या किंवा काळे ठिपके अचानक वाढले तर त्याच दिवशी दवाखाना. लेझरच्या आधीचे सगळे रिपोर्ट टाकू नका. म्हातारपणी मोतीबिंदू काढताना आत कुठल्या नंबराचं भिंग घालायचं ते काढायला ते उपयोगी पडतात. पुतण्याची फाइल मी आमच्या तिजोरीत, साजाच्या जुन्या साच्यांशेजारी ठेवली आहे. त्याच्याकडे असती तर एव्हाना तालमीत कुणीतरी त्यावर खुराकाचे बदाम फोडले असते.