‘आय विल बॅक ऑन मंडे’ : इंग्रजी शब्द वापरताना या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारात माझ्या घरी संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी असते. परवा आठवीतल्या एका मुलाने रजेचा अर्ज लिहून आणला. मामाच्या लग्नासाठी पुण्याला जायचं होतं. अक्षर सुरेख, समास नीट सोडलेला, आणि शेवटचं वाक्य : ‘आय विल बॅक ऑन मंडे.’ मी ‘विल’ आणि ‘बॅक’च्या मध्ये पेन्सिलीने खूण केली. तो म्हणाला, ‘‘ताई, बॅक म्हणजे परत येणे ना? मग बरोबरच आहे की!’’

चूक त्या उत्तरातच सापडली. त्याने ‘बॅक’चा एकच अर्थ पाठ केला होता, आणि त्यात ‘येणे’ आपोआप चिकटून आलं होतं. इथे ‘बॅक’ म्हणजे नुसतं ‘परत’. ते क्रियाविशेषण आहे, त्याला सोबत ‘बी’ नाहीतर ‘कम’ लागतंच. हाच शब्द ‘माय बॅक हर्ट्स’मध्ये पाठ, म्हणजे नाम. ‘बॅक डोअर’मध्ये विशेषण. आणि ‘आय विल बॅक यू’मध्ये चक्क क्रियापद, अर्थ ‘मी तुझ्या पाठीशी उभा राहीन’. शब्दाची जात शब्दावर छापलेली नसते, वाक्यात तो कुठे बसलाय त्यावरून ती ठरते.

आपल्याला हे जड जातं, कारण मराठीत बरंचसं काम प्रत्यय करतात. ‘मुलाने आंबा खाल्ला’ म्हणा की ‘आंबा खाल्ला मुलाने’, खाणारा कोण ते ‘ने’ सांगतो. इंग्रजीलाही एकेकाळी असे प्रत्यय भरपूर होते. जुन्या इंग्रजीत प्रेम म्हणजे ‘लुवू’ आणि प्रेम करणे म्हणजे ‘लुवियन’. पुढे शब्दांचे शेवट झिजत गेले आणि दोन्हींचं एकच ‘लव्ह’ उरलं. प्रत्यय गेले तसं त्यांचं काम जागेवर आलं. तसं मराठीतही ‘तो मागे वळला’ आणि ‘देवळामागे विहीर आहे’ यात ‘मागे’ दोन वेगवेगळी कामं करतो. तिथे आपण अडखळत नाही, कारण आपण पूर्ण वाक्य ऐकतो. इंग्रजीत मात्र सुटा शब्द पकडून बसतो.

मराठी शब्दाची जात इंग्रजीत नेऊ नका

माझ्याकडे येणाऱ्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त लाल शाई इथे लागते. ‘आय ॲम अ‍ॅग्री विथ यू.’ हे का होतं? मराठीत ‘मी सहमत आहे’. ‘सहमत’ विशेषण, म्हणून ‘आहे’ हवं, म्हणून ‘ॲम’ येतो. पण ‘अ‍ॅग्री’ स्वतःच क्रियापद आहे, त्याला ‘ॲम’चा आधार नको : ‘आय अ‍ॅग्री विथ यू’. तसंच ‘इट इज डिपेंड ऑन रेन’. आपण ‘पावसावर अवलंबून आहे’ म्हणतो, तो ‘आहे’ तिकडे जातो. हवं ते ‘इट डिपेंड्स’. आणि ‘आय विल सक्सेस’ तर परीक्षेच्या आदल्या दिवशी हमखास ऐकू येतं. ‘सक्सेस’ नाम, ‘सक्सेसफुल’ विशेषण, ‘सक्सीड’ क्रियापद. ‘आय विल सक्सीड’ म्हणा, नाहीतर ‘आय विल बी सक्सेसफुल’. अर्थ पाठ करताना नाम, विशेषण, क्रियापद असं तिन्ही एका ओळीत लिहा. एकटा शब्द लिहूच नका.

जात बदलली की मागचा शब्दही बदलतो

‘अ व्हिजिट टू बडोदा’ बरोबर, ‘वी व्हिजिटेड टू बडोदा’ चूक. ‘व्हिजिट’ नाम असताना ‘टू’ लागतो, क्रियापद झाला की तो गळतो. ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ चालतं, पण ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ नको. ‘अ डिस्कशन अबाउट फीज’ ठीक, पण ‘वी डिस्कस्ड अबाउट फीज’मधला ‘अबाउट’ खोडा. ही एक गोष्ट कळली तरी अर्जातल्या कितीतरी चुका जातील. ‘गो टू होम’ही याच घरातलं. तिथे ‘होम’ क्रियाविशेषण आहे, म्हणजे आपलं ‘घरी’. ‘घरीला जातो’ असं आपण म्हणत नाही ना!

‘ली’ लावला की क्रियाविशेषण झालं, असं समजू नका

शिकवणी सोडून गेलेली एक मुलगी नोकरीचा अर्ज दाखवायला आली होती. त्यात लिहिलं होतं, ‘आय वर्क हार्डली.’ तिला म्हणायचं होतं, मी कष्टाळू आहे. झालं उलटंच. ‘हार्डली’ म्हणजे ‘जेमतेम, जवळजवळ नाहीच’. अर्ज पाठवायच्या आधी माझ्याकडे आला, हे नशीब. इतकी गुणी मुलगी, आणि एका अक्षरजोडीने स्वतःलाच कामचुकार ठरवत होती. ‘हार्ड’ विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही : ‘आय वर्क हार्ड’. ‘फास्ट’चंही तसंच, ‘फास्टली’ लिहू नका. ‘लेट’ म्हणजे उशिरा, पण ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. उलट ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ ही विशेषणं आहेत.

बोलताना जपायची एक जागा : ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर पहिल्या भागावर जोर, क्रियापद असेल तर दुसऱ्या. ‘यूज’ नाम असताना शेवटी ‘स’, क्रियापद असताना ‘झ’.

शंका आली तर काय करायचं?

शब्दावर बोट ठेवून तो झाका आणि त्या जागी पक्का माहीत असलेला दुसरा शब्द घालून बघा. आम्ही हे ‘राऊंड’वर करतो, कारण सकाळी सुरसागर तलावाला फिरणारे सगळेच राऊंड मारतात. ‘टू राऊंड्स ऑफ सुरसागर’मध्ये आधी आकडा आणि शेवटी ‘स’, म्हणजे नाम. ‘वी वॉक्ड राऊंड द लेक’मध्ये त्या जागी ‘नियर’ बसतो, म्हणजे शब्दयोगी. ‘अ राऊंड टेबल’मध्ये ‘बिग’ बसतो, म्हणजे विशेषण. ‘द बस राऊंडेड द कॉर्नर’मध्ये भूतकाळाचा ‘एड’ लागलाय, म्हणजे क्रियापद.

अर्जवाल्या मुलालाही मी हेच करायला सांगितलं. ‘बॅक’ झाकून तिथे ‘होम’ घाल. त्याने वाचलं, ‘आय विल होम ऑन मंडे,’ आणि स्वतःच मान हलवली. मग ‘कम’ घातला, तो बरोबर बसला. ‘‘म्हणजे ताई, तिथे क्रियापद पाहिजे,’’ म्हणत त्याने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि खुणेच्या वर बारीक अक्षरात ‘बी’ लिहिला.